आक्काबाईचा हातगुण

सिल्वासात सुताच्या कारखान्यात मी क्वालिटी बघतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो, आणि तेच काम मी घरी फुकटात करतो, असं माझी बायको कावेरी म्हणते. टोकरखाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये डाळींच्या डब्यांवरसुद्धा तारखेच्या चिठ्ठ्या आहेत. असल्या माणसानं मुकाट्यानं नोकरी करावी. पण नाही, मला हौस. जवळच्या रांधा गावात भाड्यानं शेड घेतली आणि आठशे ब्रॉयलर कोंबड्या पाळल्या.

शेड सांभाळायला आक्काबाई. साठीची, काटक, घर शेडच्या मागेच. गावात तिला मान होता तो तिच्या हातगुणासाठी. कुणालाही अंडी उबवायची असली की बाया ती भाताच्या तुसात घालून तिच्याकडे आणत. आक्काबाईनं खुडूक कोंबडीखाली ठेवलेलं अंडं वाया जात नाही, अशी गावाची खात्री. पिल्लं निघाली की पाचातलं एक तिचं. मला हे कळलं तेव्हा मी तिला उष्णता आणि दमटपणा यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. ती "हां शेठ" म्हणाली, हातातलं अंडं गालाला लावून पाहिलं आणि बाजूला ठेवून दिलं.

शेडच्या दारात मी चुन्याच्या पाण्याचं घमेलं ठेवलं होतं. पाय बुडवल्याशिवाय आत यायचं नाही, अशी तीन भाषांत पाटी लावली. आक्काबाईला वाचता येत नाही, पण दोन वर्षांत ती एकदाही चुकली नाही. माझ्या सांगण्यावरून तिनं स्वतःच्या अकरा गावठी कोंबड्यासुद्धा काट्यांच्या कुंपणात कोंडल्या. घमेलं टाळणारा मी एकटा. कारण माझ्या पायात कंपनीचे चामड्याचे सेफ्टी शूज, आणि चुन्यानं चामडं खराब होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझे तर बूटही कोरडे.

गेल्या जानेवारीत गावामागच्या तळ्यावर उत्तरेकडून बदकं आली. रविवारी सकाळी मी मोबाईल घेऊन काठाच्या चिखलात, त्यांच्या विष्ठेत, चांगला तासभर फिरलो. बत्तीस फोटो काढले आणि 'निसर्गाच्या सान्निध्यात' असं लिहून कंपनीच्या ग्रुपवर टाकले. काठाला दोन बदकं मरून पडली होती. ती फोटोत येऊ नयेत म्हणून मी जरा सरकून उभा राहिलो. वीस वर्षं क्वालिटीत काढलेला माणूस मी, दोष समोर दिसला आणि मी फोटो सुधारला. मग त्याच बुटांनी थेट शेडमध्ये गेलो.

बुधवारी चाळीस कोंबड्या मेल्या, गुरुवारी तीनशे. तुरे निळे पडलेले. सरकारी डॉक्टरीणबाई आल्या, नमुने तपासणीला गेले. त्यांनी मला विचारलं, "गेल्या आठवड्यात बाहेरून आत काय आलं?"

खोटं कशाला सांगू, मला लगेच माझे बूट आठवले. आणि तोंडातून निघालं, "मागे यांच्या गावठी कोंबड्या आहेत ना, त्या फिरतात."

आक्काबाई तिथंच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. दारात जमलेल्या गावकऱ्यांनीही ऐकलं.

बर्ड फ्लूच निघाला. एक किलोमीटरच्या आतली एकूण एक कोंबडी मारायचा हुकूम आला. पांढरे सूट घातलेली माणसं घरोघर फिरली. आक्काबाईच्या कोंबड्या त्यांच्या हाती लागेनात, तेव्हा तिनंच एकेक धरून दिली. शेवटी खुडूक कोंबडी उठवली. तिच्याखालची अंडी सरपंचांच्या घरची होती, तीही गेली. मी शेडला टेकून बघत होतो. लाज वाटत होती, पण तोंड उघडायला तेवढी पुरली नाही.

त्या दिवसापासून नळावर बाया आक्काबाईला पाहून हंडे बाजूला घेऊ लागल्या. गावाच्या कोंबड्या हिच्यामुळे गेल्या, हे सगळ्यांनी पक्कं केलं. आठ दिवस मी मनाशी म्हणत होतो, रोग नेमका कुणी आणला हे सिद्ध कुठं होतंय? कारखान्यात कुणी 'कारण निश्चित नाही' असा शेरा लिहिला, तर मी कागद त्याच्या तोंडावर फेकतो.

नवव्या दिवशी डॉक्टरीणबाईंना फोन करून खरं ते सांगितलं. "शक्य आहे, तसं लिहून घेते," त्या म्हणाल्या. मग मी सरपंच नारायणभाईंच्या अंगणात गेलो. गाव जमलं होतं, आक्काबाई एका बाजूला बसली होती. मी उभा राहिलो आणि तळं, मेलेली बदकं, बूट, घमेलं, सगळं ओकलो.

नारायणभाई म्हणाले, "शेठचं मन मोठं. गरीब बाईवर आळ नको म्हणून स्वतःवर घेतात."

मी चिडलो. आईची शपथ घेतली. जितका ओरडलो तितका मोठा होत गेलो. मला खुर्ची दिली, चहा दिला. वरातीमागून घोडं नेलं आणि लोकांनी त्याचीच पूजा केली.

परत येताना मी आक्काबाईची माफी मागितली. ती म्हणाली, "तवाच बोलायचं होतं शेठ. त्या दिवशी लोकांनी ऐकलं असतं."

तीन-चार महिन्यांनी बंदी उठली, गावात पुन्हा कोंबड्या आल्या. माझी शेड अजून रिकामीच होती. एका सकाळी आम्ही दोघं तिथं चुना मारत होतो, तर शेजारच्या पाड्यावरची सुमन टोपली घेऊन आली. टोपलीत तूस, तुसात बारा अंडी. ती आक्काबाईच्या समोरून माझ्यापर्यंत आली.

"शेठ, एवढी उबवून द्या. तुम्ही मशीनवाले, काहीतरी कराल."

"अगं, मला यातलं काही कळत नाही. आक्काबाईला दे."

"नको. तिचा हात आता चालत नाही," सुमन म्हणाली. आवाज खाली करावा असंही तिला वाटलं नाही. टोपली माझ्या हातात देऊन ती निघून गेली.

मी आठशे कोंबड्या मारलेला माणूस, बारा अंडी धरून उभा. टोपली आक्काबाईपुढे केली. तिनं घेतली नाही. चुन्याचे हात लुगड्याला पुसले, वाकून एकेक अंडं फिरवून नीट लावलं.

"टोक खाली ठेवायचं शेठ," ती म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.