हिरव्या खुणेखालची ओळ

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढचं शिक्षण शिडीवर झालं. चामराजपेटेत उभं आयुष्य पाट्या रंगवल्या, कन्नड आणि इंग्रजी दोन्ही. आता फ्लेक्सचा जमाना, पण एका कॉलेजच्या फाटकावरची माझी पाटी अजून कुणी उतरवलेली नाही.

पाटी झाली की आमची एक रीत होती. ती मालकाला दाखवायची नाही. काय लिहिलंय ते त्याला आधीच ठाऊक असतं, तो वाचतच नाही. रस्ता ओलांडायचा, घाईत चाललेल्या कुणालाही थांबवायचं आणि म्हणायचं, "अण्णा, तेवढं वाचा बघू." तो अडखळला तर चूक पाटीची, त्याची नाही. ही रीत मी नातीला ती लहान असताना सांगितली होती. तीच माझ्या अंगाशी आली.

नात एचएसआर लेआउटला एका छोट्या कंपनीत कॉलेजांच्या वेबसाइट बनवते. माझी पाटी आहे त्याच कॉलेजची नवी साइट तिच्याकडे आली. एका रविवारी दुपारी ती फोन घेऊन माझ्यासमोर बसली.

"अज्जा, कमी शिकलेले आईबाप, म्हातारी माणसं, डोळ्यांनी अधू मुलं, सगळ्यांना ही वापरता आली पाहिजे. तुम्ही रस्त्यावरचा माणूस. मी काही सांगणार नाही, तुम्ही शोधायचं."

"मी रस्त्यावरचा? त्या फाटकावर अक्षर कुणाचं आहे?"

"म्हणून तर. तुम्ही अडखळलात तर चूक माझी."

तिला ठाऊक नव्हतं ते आता सांगतो. देवळातल्या शिबिरात डॉक्टरांनी माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे म्हणून लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी मी रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकली आणि झाकण ठोकून बसवलं. मुलाला कळलं असतं तर त्याच दिवशी माझी शिडी भंगारात गेली असती. आणि पेंटरचे डोळे गेले म्हटल्यावर त्याच्याजवळ राहिलं काय?

फोनमध्ये मोठमोठे फोटो सरकत होते. प्रवेशाचा फॉर्म कुठे आहे ते मला काही दिसेना. पण नातीची नजर एका कोपऱ्यात गेली, मी तिथेच बोट ठेवलं. बरोबर निघालं. दोनदा असंच जमवलं. शेवटी हिरवी, मोठी बरोबरची खूण आली. तिच्याखाली काहीतरी पांढुरकं होतं, चुना मारलेल्या भिंतीतून जुनी जाहिरात जाणवते तसं.

"खालची ओळ वाचलीत ना?"

"वाचली. आंधळा आहे का मी?"

ओळीत काय आहे ते विचारायचं तिचं राहून गेलं. माझा आवाज चढला की घरात पुढचं कुणी विचारत नाही. तिनं वहीत बरोबरची खूण केली आणि साइट सुरू झाली.

पण ते पांढुरकं माझ्या डोक्यातून जाईना. जेवताना आठवायचं, दाढी करताना आठवायचं. काय असेल तिथे? विचारावं तर खोटं बोललो ते उघडं पडणार. म्हटलं, असेल काहीतरी, आभार-बिभार.

आमच्या कोपऱ्यावर फुलं विकणारी अक्का आहे. तिच्या घरातून कॉलेजात जाणारी तिची मुलगीच पहिली. एका दुपारी तिनं हाक मारली. आम्ही आपसात कन्नडच बोलतो.

"अण्णा, काल पोरीनं तुमच्या नातीच्या साइटवर फॉर्म भरला. हिरवं आलं, काम झालं! पण शेजारच्या मुलीला अर्जाच्या नंबरचा मेसेज आला म्हणे. हिला नाही. येईल ना? आज शेवटचा दिवस आहे."

मी तिचा फोन घेतला. तीच हिरवी खूण, खाली तेच पांढुरकं. छत्रीच्या सावलीत धरला, तिरका धरला, डोळे बारीक केले. काही नाही.

मग मी रस्ता ओलांडला. समोर एक रिक्षावाला कॉफी पीत उभा होता. "अण्णा, तेवढं खालचं वाचा बघू," म्हणालो. जन्मभर हे वाक्य म्हटलं, पण मलाच वाचता येत नाही म्हणून कधी म्हटलं नव्हतं.

त्यानंही फोन नाकाशी नेला. "काय हो, किती फिकट! अर्ज जपून ठेवला आहे, अजून पाठवलेला नाही. जातीचा दाखला जोडा. आज पाचपर्यंत."

अक्का फुलांची गाडी सोडून मागोमाग आलीच होती. "हिरवं आलंय की! सिग्नलला हिरवं म्हणजे जा, आणि यांच्यात हिरवं म्हणजे थांब?"

"अक्का, आपल्या गावात सिग्नल तरी कोण बघतं," रिक्षावाला म्हणाला. कुणी हसलं नाही.

चार वाजून गेले होते. अक्कानं मुलीला दाखला घेऊन पळत ये म्हणून फोन केला. मी नातीला लावला. बटणं रिक्षावाला दाबणार होता, त्याला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर.

"पण अज्जा, खुणेखाली लिहिलंय की! रविवारी तुम्ही वाचलंत."

"नाही वाचलं."

"म्हणजे?"

दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. "दिसलंच नाही. मला दिसत नाही गं."

ती एवढंच म्हणाली, "फोन त्या काकांकडे द्या."

मुलगी धापा टाकत आली. दाखल्याचा फोटो काढला, नात सांगेल तसं रिक्षावाल्यानं बटण शोधलं. फोनवर एक गोल फिरत राहिला. इतका फिरला की मी डोळे मिटून घेतले. तसेही उघडे ठेवून उपयोग नव्हता. मेसेजचा आवाज झाला. मुलीनं नंबर वाचला, परत वाचला, आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

अक्कानं रिक्षावाल्याला मोगऱ्याचा गजरा दिला. मला म्हणाली, "रोज माझा मोगरा पिवळा पडलाय म्हणायचात. मला वाटायचं, भाव पाडायला बघताय. पांढराशुभ्र असतो, अण्णा!"

घरी येऊन मी वाट बघत बसलो. अक्काच्या पोरीचं जमलं, पण हिरवं बघून गप्प बसलेली अशी किती पोरं असतील? त्यांना कोण थांबवून विचारणार?

नात आली तेव्हा दिवे लागले होते. चप्पल काढता काढता म्हणाली, "अर्धवट फॉर्म असलेल्या सगळ्यांना कॉलेजकडून मेसेज करवले. दोन दिवस वाढवून घेतलेत."

"सगळे भरतील?"

"काय माहीत." मग म्हणाली, "खोटं का बोललात?"

मी डबा पुढे केला. तिनं स्क्रूड्रायव्हरनं झाकण उचकटलं. चिठ्ठीची एक बाजू रंगाला चिकटली होती. तिनं वाचली आणि माझ्या मुलाकडे, तिच्या बापाकडे दिली. तो पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन करू म्हणाला. शिडीचंही काहीतरी म्हणाला.

"बाबा, थोडे दिवस थांबा," ती म्हणाली. "असे डोळे मला साइटला लागतील."

"फाजील कार्टी," मी म्हणालो.

तिनं लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला. खूण काढून टाकली होती. "आता खरं सांगायचं. खालची ओळ?"

"नाही दिसत."

तिनं अक्षर गडद केलं. "आता?"

"नाही."

"आता?"

"काहीतरी आहे. वाचता येत नाही."

तिनं अक्षर मोठं केलं, वर घेतलं. मी खुर्चीवरून उठलो आणि पार दारापर्यंत मागे गेलो. पाटी जवळून वाचायची नसते.

"अजून गडद कर," मी तिथून सांगितलं.

शिडी अजून जिन्याखालीच आहे. ती मी कुणाला हलवू दिलेली नाही.