फवारलेल्या बागेच्या फाटकात

माझ्या नातवंडांनो, चर्चच्या तरुण संघाने रीनाला पुढारी निवडले आणि तिने फोनवर विचारले, "आजी, पुढाऱ्याने नेमके करायचे काय?" म्हणून हे आजच लिहिते आहे.

नव्या करारात पुढारीपणासाठी प्रोइस्तेमी हा ग्रीक शब्द येतो. त्याचा मूळ अर्थ पुढे उभे राहणे, आणि सांभाळ करणे हा अर्थही त्यातच आहे. मी तो शब्दकोशात वाचला होता, पण पाहिला निफाडजवळ, ओळखीच्या एकांच्या द्राक्षबागेत.

पेठ तालुक्याकडच्या मजूर बायकांची टोळी घेऊन त्यांची मुकादमीण आली होती. पन्नाशीची, सडपातळ बाई. प्रत्येकीच्या खांद्याला हात लावून तिने टोळी मोजली. बागेत नुकतीच फवारणी झाली होती आणि औषधाचा वास डोळ्यांना झोंबत होता. ती फाटकात आडवी उभी राहिली.

"आज बाया आत जाणार नाय, भाऊ. उद्या येतो."

मालक चिडले. "मग मी दुसरी टोळी बोलावतो!"

"बोलवा की. त्यांच्याबी पुढं मीच उभी राहीन."

"भाऊ, ती नवऱ्याचंबी ऐकत नाय," मागून एकजण म्हणाली. सगळ्या हसल्या. ती हसली नाही. मालक "बरं, उद्या या" म्हणेपर्यंत तिने फाटकावरचा हात काढला नाही.

तिचे नाव विचारायचे राहून गेले, पण ती आपल्या जिल्ह्याची, याचा मला फार अभिमान आहे. त्या बागेत अजूनही फवारणीच्या दिवशी मजुरांना बोलावत नाहीत.