एकतीस वर्षं उशिरा मातीत उतरलो

माघातल्या एका मंगळवारी प्रमोदने व्हॉट्सअॅपवर एक पोस्टर पाठवलं. प्रमोद माझा मावसभाऊ, मंगरूळपीरला कृषी केंद्र चालवतो आणि सहसा फक्त सोयाबीनच्या भावाबद्दल बोलतो. पोस्टर आमच्या मामाच्या गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांचं होतं. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, प्रमुख पंच : शालिक पहेलवान. प्रमोदने सोबत एकच ओळ लिहिली होती, ‘आता येतं का तोंड लपवतं?’

मी नाशिकला राहतो, वय त्रेचाळीस, रक्तदाबाची गोळी सकाळी एक. ऑफिसात सोमवारची रजा टाकली आणि कारण लिहिलं ‘घरगुती’. ते खोटं नव्हतं.

हे प्रकरण काय आहे ते आधी सांगतो. लहानपणी मला कुस्त्या बघायचं वेड होतं. करायचं नव्हे, बघायचं. मामाच्या गावच्या, इंझोरीकडच्या, जिथे दंगल असेल तिथे मामाच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून जायचो. दंगलीची पिवळी पोस्टरं मी भिंतीवरून ओली असतानाच सोलून आणायचो. त्या पोस्टरांवर एकही माणूस नुसता पहेलवान नसे, प्रत्येक जण कशाचा तरी केसरी असे. शालिक पहेलवान तेवढा शालिक पहेलवान असे, म्हणून तो माझा. त्याचा फोटो माझ्या कंपासपेटीत होता. कुणी कुणाला कोणत्या डावावर पाडलं याची वहीही होती. गणिताची वही होती, पण गणित तिच्यात फार नव्हतं.

मी बारा वर्षांचा असताना शालिक पहेलवानाची मानाची कुस्ती एका धिप्पाड परक्या पहेलवानाशी लागली. बावीस मिनिटं दोघे एकमेकांच्या माना धरून उभे. कुणी पडेना, कुणी हलेना. माझा हिरो काहीच करत नव्हता, याचा मला इतका राग आला की मी बैलगाडीवर उभा राहून ओरडलो, “नुरा!” नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली, खोटी कुस्ती. एकदा ओरडलो, पण पुढच्या क्षणी सगळं मैदान तेच ओरडत होतं.

त्या गावचा एक रिवाज आहे. नुरा म्हणणाऱ्याने मातीत उतरायचं आणि ज्याला म्हटलं त्याच्याशी कुस्ती करायची. पंचाने तीनदा विचारलं, “कोन म्हनलं? उतरा!” मी बैलगाडीत कडब्याखाली शिरलो. शालिक पहेलवानाने तिसऱ्या हाकेपर्यंत वाट पाहिली, इनामाचा नारळ मातीवर ठेवला आणि निघून गेला. त्यानंतर तो त्या मैदानात कधी आला नाही. पहिली आरोळी कुणाची होती हे फक्त प्रमोदला माहीत होतं. कडब्यात तो माझ्या शेजारी होता.

तर प्रवास. शनिवारी सकाळी सहाला नाशिक सोडलं, सिन्नरच्या पुढे समृद्धीला लागलो. रस्ता उत्तम, इतका सरळ की डुलकी लागते, तेव्हा गाडीत बोलणारं कुणीतरी असू द्या. डबा घरून घ्या, वाटेत खाण्याचे वांधे आहेत. सरळ शेलूबाजारला उतरलं तर मंगरूळपीर जवळ पडतं. मी मुद्दाम अलीकडे मालेगावला, नाशिकच्या नव्हे, इकडच्या, उतरलो, कारण जुन्या रस्त्यावर किन्हीराजा लागतं आणि तिथून आत दोन किलोमीटरवर शालिक पहेलवानाचं घर आहे. चारचौघांत कशाला, घरी जाऊन कबूल करावं, असा विचार होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा घाटे धरून उभा होता आणि तुरीची मळणी चालू होती.

किन्हीराजाच्या फाट्यावर गरम भजी खाल्ली, सोबत तळलेली मिरची. हॉटेलवाल्याला पहेलवानाचं घर विचारलं.

“कायले पायजे पहेलवान?” तो म्हणाला.

“सहज. जुनी ओळख.”

“त्याहीची जुनी ओळख लय लोकाइशी हाये. ज्याइले पाय आडवा देऊन पाडलं, ते समदे ओळखतेतच.”

मी चहा घेतला, दुसरा चहा घेतला, पैसे दिले आणि सरळ मंगरूळपीरचा रस्ता धरला. भजी मात्र चांगली होती, थांबाच.

प्रमोदकडे पोहोचलो तेव्हा तो दुकानात युरियाच्या थप्पीवर बसून माझी वाट बघत होता. “भेटला?” त्याने विचारलं. मी म्हटलं, उशीर होत होता. “एकतीस वर्षं झाले तुले, आनखी किती उशीर करतं?” तो म्हणाला आणि गिऱ्हाईकाकडे वळला.

रविवारी सकाळी आम्ही त्याच्या मोटारसायकलने निघालो. आसेगावपर्यंत डांबरी रस्ता आहे, पुढे आहे असं म्हणायची पद्धत आहे. गाडी असेल तर सावकाश न्या. मैदान गावाबाहेर, नांगरून मऊ केलेलं, भोवती ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. बैलगाड्या आता नव्हत्या, कडबाही नव्हता. मी सवयीने पाहून घेतलं.

डफडी वाजत होती. आधी लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या झाल्या, मग मोठ्यांच्या. यंदा चार मुलीही उतरल्या होत्या आणि त्यांच्या कुस्त्या सगळ्यांत चपळ झाल्या. शालिक पहेलवान पंचाच्या जागी उभा होता. सहासष्टीचा माणूस, कान पिळून ठेवलेल्या कापडासारखे, डावा गुडघा वाकत नव्हता, फेटा गुलाबी. मला वाटलं होतं तो छोटा झाला असेल, लहानपणचे लोक होतात तसे. तो झाला नव्हता.

तीनला मानाची कुस्ती लागली. दोन तगडे गडी, एक अकोल्याकडचा, एक इथला. पंधरा मिनिटं झाली, दोघे एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे. पहेलवानाने कुस्ती बरोबरीत सोडवली, आणि मागच्या ट्रॉलीवरून कुणीतरी ओरडलं, “नुरा!”

मैदान हसलं. पहेलवान हसला नाही. त्याने माइक घेतला. “कोन म्हनलं? रिवाज ठाव हाये ना? उतरा खाली.” कुणी हललं नाही. “दुसरी हाक हाये. उतरा.” मागच्या ट्रॉलीवर एकाएकी सगळे मोबाइल बघू लागले.

मी उठलो. धाडस वगैरे काही नव्हतं. तिसरी हाक पुन्हा ऐकणं मला शक्य नव्हतं, एवढंच. प्रमोदने शर्ट धरला. “अबे तू काहून उठून राह्यला? तू थोडी म्हनला?” मी म्हटलं, या वेळी नाही. लोकांनी वाट करून दिली, टाळ्या पडल्या, कुणीतरी शिट्टी मारली. मी बूट काढून मातीत गेलो. माती गार होती.

“वस्ताद,” मी हळू आवाजात म्हणालो, “आताची आरोळी माझी नाही. तुमच्या बावीस मिनिटांच्या कुस्तीची होती ती माझी. बारा वर्षांचा होतो. कडब्यात लपलो होतो.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. पोटाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग फेटा काढून दुसऱ्या पंचाच्या हातात दिला.

“कपडे काढ,” तो म्हणाला.

कुणाची तरी चड्डी आणली, तिची नाडी दोनदा बांधावी लागली. माझ्या अंगाला माती लावण्यात आली. पोटावरून एक विनोद झाला, तो इथे देत नाही. पहेलवानाने हात मिळवला, माझ्या मानेवर पंजा ठेवला आणि कपाळ माझ्या कपाळाला टेकवलं. मला वाटलं, आता आपटेल आणि सुटका होईल.

त्याने आपटलं नाही. तो फक्त उभा राहिला. मी डावीकडे जायला बघितलं, तर डावीकडे जाणं बंद होतं. मागे सरकलो, मागेही बंद. माझ्या मांड्या थरथरायला लागल्या, दात आवळले गेले, डोळ्यांत घाम गेला. अंगातलं जेवढं होतं तेवढं सगळं मी त्या माणसाला ढकलण्यात घातलं आणि आम्ही दोघे जागच्या जागी होतो. एकदा त्याचा गुडघा डगमगला, त्याच्या घशातून आवाज आला, आणि तेव्हा कळलं की तोही जोर लावतोय. इतका थकलो की मला रडू आलं. घामात ते दिसलं नसावं.

मग त्याने पंजा काढला. “सुटली बराबरीत,” तो म्हणाला.

मग माझ्या मावसभावाचा जो आवाज मला शंभर आवाजांत ओळखू आला असता, तो आला. “नुरा!” आणि सगळं मैदान लोटपोट झालं.

पहेलवान माझ्या कानाशी वाकला. “आयकलं? आता हे चार मिनिटं होते. तवा बावीस होते.”

मी माफी मागायला तोंड उघडलं. “जेवल्यावर माग,” तो म्हणाला. “रोडगे थंडे होऊन राह्यले. चाल.”

जेवण गावातच, त्याच्या थोरल्या बहिणीच्या घरी. पत्ता वेगळा सांगत नाही, जत्रेत कुणीही कुठेही जेवायला बसवतं. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, तूप, वरण आणि वांग्याची भाजी. मला माहीत नव्हतं की पहेलवानाची बहीण याच गावात दिली आहे. त्याने जेवता जेवता सांगितलं, चवीबद्दल सांगावं तसं. नुरा म्हटलेल्या गावात दिवसाउजेडी पाय कसा ठेवायचा, म्हणून तो जत्रेला बहिणीकडे आलाच नाही. भाऊबीजेला ती माहेरी यायची. यंदा तिनेच पोरांच्या कमिटीला सांगून त्याला पंच म्हणून बोलावणं धाडलं.

आजी वाढायला आल्या. लहानशा, डोक्यावर पदर. “हाच का तो?” त्यांनी भावाला विचारलं. त्याने मान हलवली.

“जत्रेच्या दिवशी एक पाट जास्तीचा मांडत होतो बाप्पा मी,” त्या मला म्हणाल्या. “एकतीस जत्रा मांडला.” आणि माझ्या ताटात अजून एक रोडगा ठेवला, वर तूप ओतलं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि इतक्या प्रेमाने मला कुणी वाढलंही नव्हतं. दोन्ही एकदम आलं की काय करायचं ते मला ठाऊक नाही. मी रोडगा संपवला.

निघताना पाया पडलो. “फुडच्या जत्रेले येजो,” आजी म्हणाल्या. “पाट दोन मांडीन.” पहेलवान दारात बसून गुडघ्याला तेल चोळत होता. “पोट कमी करून ये,” तो म्हणाला.

सोमवारी दुपारी नाशिकला पोहोचलो. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी : माघ पौर्णिमेच्या मागेपुढे जा, राहायला मंगरूळपीरला साध्या खोल्या मिळतात, आणि काहीही झालं तरी तोंड बंद ठेवा. उजवा हात मला अजून खांद्याच्या वर नेता येत नाही, केस डाव्या हाताने विंचरतो.

प्रमोदने चार मिनिटांचा व्हिडिओ पाठवला होता. रात्री जेवताना तो माझ्या मुलीने पाहिला. ती अकरा वर्षांची आहे. पहिलं मिनिट तिने नीट पाहिलं, मग व्हिडिओ पुढे सरकवला, मग आणखी पुढे.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही दोघं काहीच करत नाही आहात.”

“हो,” मी डाव्या हाताने भात कालवत म्हणालो. “बैलगाडीवरून तसंच दिसतं.”