नाव नसलेली चिठ्ठी

आमच्या चर्चचा तरुण संघ मी बारा वर्षं सांभाळतोय. नोकरी कुर्डुवाडीला, रेल्वेत; रोज सोलापूरहून जाऊन-येऊन. शनिवारी गाडीतून उतरलो की घरी पिशवीसुद्धा न टाकता थेट चर्चमध्ये. रविवारी उपासना झाली की कुणाचं कॉलेज सुटलंय, कुणाचं आईबापाशी वाजलंय, ते निस्तरायचं. फोन आला की मी निघालोच. बायको म्हणायची, "मी आन् पोर, आमी दोघीबी हितंच राहतो, म्हटलं आठवण करावी." मी हसण्यावारी न्यायचो. देवाचं काम आहे, त्याला काय बोलणार! हे वाक्य मी इतक्यांदा वापरलंय, की आता लाज वाटते.

संघात एक पद्धत आहे. प्रार्थनेचा विषय चिठ्ठीवर लिहायचा, नाव घालायचं नाही. मी डब्यातून एकेक चिठ्ठी काढून वाचतो आणि सगळे मिळून प्रार्थना करतो. गेल्या जूनपासून माझी लेकही येते. पंधरावं लागलंय तिला. मागच्या बाकावर बसते.

त्या शनिवारी एक चिठ्ठी निघाली: 'माझ्या पप्पांना सगळ्यांसाठी वेळ असतो. आमच्यासाठीही मिळावा.'

माझं डोकंच तापलं. म्हणालो, "कसले हे बाप! पोरांना जन्म दिला म्हणजे झालं का? कुणाचे वडील आहेत ते मला हळूच येऊन सांगा. मी स्वतः घरी जाऊन बोलतो, चांगला खडसावतो." पोरं माना खाली घालून बसली. मला वाटलं, बोलणं काळजाला भिडलं. मग त्या बापासाठी मी अगदी गहिवरून प्रार्थना केली आणि चिठ्ठी खिशात घातली.

घरी येऊन शर्ट बदलला आणि चहा घेऊन बसलो. बायको धुण्यासाठी खिसे तपासत होती. चिठ्ठी तिच्या हाताला लागली.

"ही तुमच्याकडं कशी?"

"संघातली आहे. कुणाची कळलं नाही. पण त्या बापाला गाठणार आहे मी."

तिनं चिठ्ठी पुन्हा वाचली. "गाठा की. हितंच बसलाय, चहा पीत. पोरीचं अक्षर वळखू येईना व्हय तुमाला?"

नाही आलं. वह्यांवर सह्या हीच करते, शाळेतल्या मीटिंगला हीच जाते. संघातल्या पोरांच्या परीक्षा कधी संपतात ते मला तोंडपाठ. लेकीचं अक्षर शेवटचं कधी पाहिलं, आठवेना. चहा तसाच ठेवून उठलो.

आतल्या खोलीत ती अभ्यास करत होती. मी दारात उभा राहिलो.

तिनं वहीतून डोकं वर काढलं नाही. म्हणाली, "पप्पा, त्या वडिलांशी बोलणार होता ना तुम्ही?"

"हो."

"लई ओरडू नका त्यांना. दमून येतात ते."