वार आणि पलंगाखालच्या विटा

"रंग कोणता, किती अन् कवापासून? रडायचं मंग."

उपकेंद्राच्या नर्सबाई घरात शिरल्या की पिशवी खाली ठेवण्याआधी एवढं विचारायच्या. सिरसाळ्याच्या आसपासच्या खेड्यांत तुम्ही राहिला असाल, तर अशी एखादी नर्सबाई तुम्हीही पाहिली असेल. ठेंगणी, तुरुतुरु चालणारी, कुणाचंही भ्या नसलेली.

दुष्काळाचं वर्ष होतं. मी गावच्या दूध संस्थेचा सचिव. चाऱ्याअभावी दूध निम्म्यावर आलेलं, पाणी टँकरचं. त्यात बायकोला चौथा महिना लागला आणि एका सकाळी तिच्या साडीला डाग दिसला. आदल्या वर्षी आमचं एक तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. डाग पाहून ती भिंतीकडे तोंड करून बसली.

नर्सबाईंच्या प्रश्नांना मीच उत्तरं दिली. तपकिरी, रुपयाएवढा, पहाटेपासून.

"तुमाला कावून एवढं माहीत?"

मी डाग पट्टीनं मोजला होता. ते ऐकून बायको तशातही हसली.

त्याच दिवशी त्यांनी आम्हाला परळीला सोनोग्राफीला धाडलं. बाळाचे ठोके चांगले होते, पण वार, म्हणजे नाळेतून बाळाला पोसणारी गादी, खाली, गर्भपिशवीच्या तोंडाजवळ होती. जड उचलू नका, लाल जायला लागलं तर क्षणभर थांबू नका, सातव्या महिन्यात पुन्हा बघू, असं डॉक्टर बरंच काही बोलले. आम्ही घरी आणलं ते फक्त 'वार खाली'.

आईनं उपाय काढला. पलंगाचा पायथा उंच केला की वार वर जाईल. मला ते पटलं. पायथ्याच्या दोन्ही पायांखाली मी विटा लावल्या, सारख्या पातळीत, आणि आठवड्याला एक वाढवायची असं ठरवलं. तिसऱ्या विटेला बायकोचं डोकं ठणकू लागलं, जेवलेलं घशाशी येऊ लागलं. तरी ती उतरेना. या खेपेला तिला आपल्याकडून काही कमी पडू द्यायचं नव्हतं.

नर्सबाई आल्या आणि विटा पाहून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सचिव, बायको हाय का दुधाची कॅन? उलटी केली की खालचं वर?"

मग त्यांनी पिशवीतून निरोधचं पाकीट काढून फोडलं, तो थोडा फुगवला आणि तोंडाजवळ पेनानं ठिपका काढला.

"हा कसला फुगा गं बाई?" आईनं विचारलं.

"सरकारी हाय, मावशी. तुमी ठिपक्याकडं बघा."

त्या फुंकत गेल्या तसा ठिपका तोंडापासून लांब लांब गेला. वार चिकटलेली असते, ती घसरत नाही, उताणं-पालथं करून काही होत नाही, गर्भपिशवी वाढली की ती आपोआप तोंडापासून लांब जाते, असं त्यांनी समजावलं. बहुतेकींची जाते.

"आन् न्हाई गेली तर?" बायकोनं विचारलं.

नर्सबाईंनी खोटा धीर दिला नाही. "तर मोठ्या दवाखान्यात शिझर करतेत. फकस्त घरी बाळंत व्हायचं न्हाई अन् निघायला उशीर करायचा न्हाई. एवढं ध्यानात ठिव."

विटा मी त्याच दुपारी काढल्या. टँकरच्या रांगेत घागर घेऊन आता मी उभा राहू लागलो. बायका विचारायच्या, सचिव, दुधात घालायला नेता का? एकदा नर्सबाई तिथूनच चालल्या होत्या. तुमच्या नवऱ्यांनी कधी एक तरी घागर नेली का, एवढंच त्यांनी विचारलं. बायका खदखदा हसल्या आणि मला रांगेत पुढे केलं.

डाग आणखी दोनदा दिसला. दोन्ही वेळा नर्सबाई येऊन गेल्या. मग तो थांबला.

सातव्या महिन्यात परळीच्या डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. वार तोंडापासून चांगली लांब गेली होती. बायकोला घरी सोडून मी तसाच उपकेंद्रात गेलो. खुर्चीत दुसऱ्याच बाई होत्या. नर्सबाईंची आठवड्यापूर्वी बदली झाली होती. जाताना त्यांनी गावात कुणाला सांगितलंही नव्हतं.

नव्या बाईंनी माझं नाव विचारलं आणि गरोदर बायकांचं रजिस्टर उघडलं. माझ्या बायकोच्या नावापुढे सोनोग्राफीचा दुसरा रकाना मोकळा होता. त्यात पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं, 'नवरा स्वतः येईल. त्यालाच लिहू द्यावं.'

मी पेन मागितलं. लिहिलं, 'वार वर. आई आणि बाळ ठीक.' सहीला जागा नव्हती, तरी केली.