व्हॉल्व्ह उघडल्याची वेळ

जाहीरनाम्यातली पर्यावरण आणि समाजकल्याण ही दोन प्रकरणं बाईंच्या गळ्यात पडली, कारण उमेदवार त्यांचा जुना विद्यार्थी. भूगोलाच्या तासाला हमखास पेंगणारा! चौतीस वर्षं नकाशे शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना त्याला नाही म्हणवेना. त्यांनी पहिलंच कलम लिहिलं, खालच्या वस्तीला पुरेसं पाणी. प्रचाराच्या सचिवाने पाणीखात्याची नोंदवही पाहिली आणि त्यावर काट मारली.

"बाई, तिथे रोज दोन तास पाणी आहे. वहीतच लिहिलंय. उद्या दुपारी मजकूर छपाईला जाणार, दुसरं काहीतरी द्या."

वस्तीतल्या बायका तर वीस मिनिटं म्हणत होत्या. तेव्हा बाई दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी, वही लिहिणाऱ्या माणसालाच गाठायला निघाल्या.

चावीवाले काका चौकात भेटले. खांद्याएवढी लोखंडी चावी, पायात रबरी चपला, बोलण्यात महाकंजूष. सत्तावीस वर्षं हा माणूस शहराचे व्हॉल्व्ह उघडत आणि बंद करत होता.

"खाली दोन तास पाणी येतं का हो?" बाईंनी विचारलं.

"दोन तास मी व्हॉल्व्ह उघडा ठेवतो. येतं का, ते मला कुणी विचारलं नाही."

बाईंनी कपाळावर हात मारला. वहीत रकाने दोनच, किती वाजता उघडला आणि किती वाजता बंद केला. नळाला थेंब आला की नाही, याला रकानाच नव्हता.

"मग पाणी जातं कुठे?"

 काकांनी चावीचं टोक रस्त्यावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. दहा पावलं पुढे गेले, पुन्हा तेच. शेवटी चपला शिवणाऱ्याच्या बंद टपरीसमोर थांबले. "इथे. अडीच हात खाली, पाइपाच्या जोडावर. गटारात वाहून जातंय, म्हणून वर ओल दिसत नाही."

बाईंनी चावीला कान लावला. आधी आपल्याच छातीची धडधड ऐकू आली. मग एक बारीक, अखंड फुसफुस. अख्ख्या वस्तीचं पाणी त्यांच्या पायांखालून चाललं होतं! भूमिगत प्रवाह त्यांनी फळ्यावर शेकडो वेळा काढले होते, ऐकला मात्र आज.  बाई काकांकडे बघतच राहिल्या.

"वर कळवलं नाहीत?"

"आठ वर्षांत अकरा अर्ज दिले. उत्तर एकच, नोंदवहीनुसार पुरवठा सुरळीत आहे." काका चावी पुसत म्हणाले, "माझ्याच अक्षराने माझं तोंड बंद केलं."

बाईंनी चाचरतच विचारलं, अकराला उमेदवारासमोर बैठक आहे, तिथे हे सांगाल का? काकांच्या निवृत्तीला पाच महिने होते. नोकरीतला माणूस प्रचाराच्या कचेरीत दिसला, तर पेन्शन अडकायला तेवढं पुरे होतं.

"म्हणजे माझी वही खोटी, असं लिहून द्यायचं?"

"खोटी नाही हो, अपुरी."

"नळ उघडून बसलेल्या बाईला दोन्ही सारखंच," काका म्हणाले आणि घराकडे वळले.

ते येणार नाहीत, असं बाई धरूनच चालल्या होत्या. पण बरोबर अकराला काका दारात उभे! अंगात धुतलेला सदरा. सचिव समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, निवृत्ती तोंडावर आलीय. विचार करा."

काकांनी कागद मागून घेतला आणि उभ्याउभ्याच लिहिलं, 'मी व्हॉल्व्ह उघडल्याची वेळ लिहीत आलो, पाणी आल्याची नाही. खालच्या वस्तीला आठ वर्षं रोज वीसच मिनिटं पाणी येत आहे.' खाली पूर्ण नावाची सही केली.  एवढी मोठी चूक इतक्या सरळ हाताने कबूल करणारा माणूस बाईंनी आयुष्यात पाहिला नव्हता. 

उमेदवाराने कागद दोनदा वाचला. "बाई, लिहा. नदीतून जास्त उपसा करण्याआधी गळती थांबवू. आणि पाणी मोजू ते शेवटच्या नळाशी." मग काकांकडे वळून हळूच म्हणाला, "घरी विचारलंत ना?"

"घर खालच्या वस्तीतच आहे, साहेब," काका म्हणाले. "आमची ही म्हणाली, सही वाचता येईल अशी करा."