शिसवी कपाट आणि तीन तुटके स्क्रू

माझा धाकटा भाऊ वाळूजच्या एका कंपनीत मॅनेजर आहे आणि हे तो कुणाला विसरू देत नाही. दिवाळीच्या साफसफाईत आमच्या सिडकोतल्या घरी बायकोच्या कपाटाचं दार निखळलं. कपाट शिसवी, आयुष्यभर सुतारकाम केलेल्या माझ्या सासऱ्यांनी लेकीच्या लग्नात स्वतः घडवून दिलेलं. भावाला कळलं तसा तो म्हणाला, "दादा, दोन बिजागऱ्यांसाठी कुणाला बोलावू नको. मी येतो."

रविवारी तो आला. ऑनलाइन मागवलेलं ड्रिल मशीन, हातमोजे, डोळ्यांवर मोठा चष्मा. थाट असा, की कपाटाचं हृदयच बदलायचंय. सासरेही सकाळच्या बसनं खुलताबादहून आले होते. ते खुर्चीत चहा पीत बसले.

भावानं पहिला पितळी स्क्रू थेट लाकडावर टेकवून मशीन चालू केलं. स्क्रू अर्धा आत गेला, किंचाळला आणि त्याचं डोकं तुटून पडलं.

"माल हलका आहे," भाऊ म्हणाला.

दुसरा तुटला. "टॉर्क ॲडजस्ट करावा लागेल."

टॉर्क ॲडजस्ट झाला, तिसराही तुटला. मग लाकूडच खराब ठरलं. मी गंभीरपणे मान डोलावत होतो. टॉर्क म्हणजे काय, हे मला आजही माहीत नाही.

बायको मोरीतून साबणाचा तुकडा घेऊन आली. "भाऊजी, स्क्रूला हा लावून बघा."

"वहिनी, आता स्क्रूला आंघोळ घालायची का?" तो हसला. मीही हसलो, कारण तो मॅनेजर आहे.

बायको वडिलांकडं वळली. "आबा, तुम्ही तरी बोला ना."

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. "साबण नको, ओल धरतो. मेणबत्ती आण."

तुटलेले स्क्रू त्यांनी लाकडातच राहू दिले आणि बिजागरी दोन बोटं वर घेतली. पिशवीतून गिरमिट काढून हातानं फिरवत बारीक भोक पाडलं. स्क्रूच्या आट्यांवर मेण घासलं आणि साध्या पेचकसानं तो पिळला. आवाजसुद्धा झाला नाही.

"मामा, आधीच सांगायचं ना!" मी म्हणालो.

"कसं सांगणार, जावईबापू? लग्नात तुमच्या लोकांनी सगळ्यांना सांगितलं, पोरीच्या बापाचा फर्निचरचा बिझनेस हाय. बिझनेसवाला कुठं स्क्रू पिळतो?"

खरंच होतं. पत्रिका वाटताना 'सुतार' हा शब्द आमच्या घरच्यांच्या घशात अडकायचा, आणि मी तेव्हा शेजारी उभा राहून गप्प बसायचो. बायको कपाटाकडं नाही, माझ्याकडं बघत होती. मी जमिनीवरची स्क्रूची डोकी गोळा करायला लागलो.

भाऊ मात्र दोनदा श्रीखंड घेऊन पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याचा व्हिडिओ आला. एका हातात मेणबत्ती, दुसऱ्यात स्क्रू. 'घर्षण कमी करण्याची माझी सोपी युक्ती.' खाली शाबासकीचा पाऊस.

बायकोनं फोन माझ्यापुढं धरला. मी लिहिलं, 'ही युक्ती माझ्या सासऱ्यांची. ते सुतार आहेत.'

पाच मिनिटांत आईचा फोन आला.

"ग्रुपवर असं लिहायची काय गरज होती? आता सगळ्यांना कळलं ना!"

"व्हय," मी सासऱ्यांच्या बोलीत म्हणालो, "लई उशिरा कळलं."